थांब हं, बघून सांगते

मागच्या महिन्यात दोन दिवस साताऱ्याला आईकडे गेले होते. सकाळी साडेसहाची वेळ, ती ओट्यापाशी चहा गाळत उभी, मी मागच्या दाराच्या उंबऱ्यावर शाल गुंडाळून बसलेली, आणि नेहमीच्या सवयीने विचारलं, काय गं, झोप लागली का रात्री. तिने गाळणं खाली ठेवलं, ओला हात पदराला पुसला, डावं मनगट वर करून स्मार्ट घड्याळाच्या काचेवर बोट सरकवलं आणि म्हणाली, "थांब हं, बघून सांगते." दोन-तीन सेकंद शांतता. मग, "५८ आलेत गं. काही खास नाही झाली झोप." आणि तिचा चेहरा उतरला, खरंच उतरला, मी समोरच बसले होते. त्याच्या आधी ती कुठलंतरी भजन गुणगुणत होती, ते पुढे झालंच नाही.

एवढंच झालं. पण महिना होत आला तरी ते मनातनं जात नाहीये.

कारण या प्रश्नाची आईची उत्तरं मी लहानपणापासून ऐकत आलेय. डोळ्याला डोळा लागला नाही. पडल्या पडल्या झोप लागली, कूससुद्धा बदलली नाही. सावध झोप होती, पत्र्यावर पाऊस वाजत होता ना रात्रभर. अकराला पडले ती तीनला टक्क जाग, मग नुसती तळमळ. पहाटे कुठे जरा साखरझोप लागत होती तर दूधवाल्याने बेल मारली. या एकेका वाक्यात तिची अख्खी रात्र असायची, त्यात पाऊस असायचा, काळजी असायची, शेजारच्यांचं कुत्रं असायचं, आणि आम्हाला त्यावरनं कळायचं की आज आईशी कसं वागायचं. डुलकी, पेंग, गुंगी, ग्लानी, वामकुक्षी, झोपमोड, नुसता डोळा लागणं, झोप उडणं, झोप अनावर होणं, आपल्या भाषेने झोपेला किती बारीक बारीक कप्पे करून ठेवलेत. घड्याळाकडे कप्पे चार. अवेक, लाइट, डीप आणि रेम. आणि शेवटी या चौघांचा मिळून एक आकडा, शंभरापैकी.

बरं ते घड्याळ झोप बघतं म्हणजे नक्की काय बघतं? मी त्या दिवशी परत येताना गाडीत बसून वाचत होते. पाठीमागे जो हिरवा दिवा लुकलुकतो तो कातडीवर उजेड टाकतो, रक्त हिरवा उजेड शोषून घेतं, हृदयाचा ठोका पडला की कातडीखाली रक्त क्षणभर वाढतं आणि परत येणारा उजेड तेवढा कमी होतो, त्या कमीजास्तीवरनं ठोके मोजले जातात. शिवाय हात किती हलला ते एक सेन्सर बघतो. या दोन गोष्टींवरनं अंदाज बांधायचा की आत्ता बाई गाढ झोपेत आहे की स्वप्नात. खरी झोप तपासायची तर डोक्याला तारा लावून मेंदूतले विजेचे तरंग बघावे लागतात, घड्याळ बिचारं मनगटावर बसून जेवढं कळेल तेवढं सांगतं. ते खोटं बोलत नाही, पण ते जे सांगतं तो तर्क आहे, आणि आई त्याला निकाल समजते. मला सगळ्यात जास्त भावलं ते वेगळंच. रेम म्हणजे ज्यात स्वप्नं जास्त पडतात ती झोप, आणि ती रात्रीच्या शेवटच्या भागात, पहाटेकडे, जास्त असते. म्हणजे आमच्या आज्या-पणज्यांनी जिला साखरझोप म्हटलं ती साधारण हीच की! कुठलीही तार न लावता, फक्त रोज झोपून आणि रोज उठून त्यांना कळलं होतं की पहाटेची झोप वेगळी असते आणि ती गोड असते.

२०१४ साली अमेरिकेत क्रिस्टिना ड्रॅगनिच आणि क्रिस्टी अर्डल यांनी एक प्रयोग केला होता. विद्यार्थ्यांना खोटी उपकरणं लावून सांगितलं की तुमची झोप मोजली, कोणाला सांगितलं चांगली झाली, कोणाला सांगितलं कमी पडली, आणि मग परीक्षा घेतल्या. ज्यांना झोप कमी झाली असं सांगितलं होतं त्यांची कामगिरी काही चाचण्यांत खाली गेली, स्वतःला झोप कशी वाटली याचा फारसा संबंध नाही. हे वाचताना मला आईचं गुणगुणणं थांबलेलं आठवलं. आणि २०१७ पासून डॉक्टरांकडे याला शब्दसुद्धा आहे, ऑर्थोसोम्निया, म्हणजे परफेक्ट झोपेच्या आकड्यांच्या मागे लागून झोप बिघडवून घेणं.

आता हे घड्याळ आईने हौसेने घेतलेलं नाही. मी घातलंय तिच्या हातात. बाबा जाऊन चार वर्षं होतील, ती तिथे एकटी राहते, पुण्याला ये म्हटलं की म्हणते चार दिवस येईन, माझी तुळस आहे, माझ्या मैत्रिणी आहेत, 'चार भिंती' स्मारकापर्यंत फिरायला जाते, इथंच बरं आहे. मग दोन वर्षांपूर्वी दिवाळीत मी घड्याळ आणलं. तिच्याकडे बाबांनी दिलेलं एचएमटीचं चावीचं घड्याळ होतं, छोटी सोनेरी तबकडी, ते काढून कपाटात ठेवताना ती जराशी थांबली होती, पण काही बोलली नाही. आणि मागच्या पावसाळ्यात ती परसात धुण्याच्या दगडापाशी शेवाळावरनं घसरली. फोन घरात. घड्याळानेच विचारलं की पडलात का, तिने उत्तर दिलं नाही म्हणून त्याने मला फोन लावला, मी शेजारच्या काकूंना, आणि वीस मिनिटांत ती दवाखान्यात होती. मनगट मोडलं, उजवं. बाकी ठीक. तिथे पावसात ती किती वेळ पडून राहिली असती याचा मी अजूनही पूर्ण विचार करू शकत नाही. त्यामुळे "काढून टाक ते घड्याळ" हे वाक्य माझ्या तोंडून कधीच निघणार नाही.

पण आणखी एक गोष्ट आहे आणि ती लिहायला जड जातंय. तिच्या घड्याळाची माहिती माझ्या फोनवर येते. कोथरूडमध्ये सकाळी मी डबा भरताना बघते, आईचे ठोके ६४, पावलं अकराशे, झोप अमुक. सगळं ठीक. आणि पूर्वी मी रोज रात्री तिला फोन करायचे, अर्धा-अर्धा तास, त्यातली पहिली दहा मिनिटं नुसती कशी आहेस, काय खाल्लंस, गुडघा काय म्हणतो. गेल्या दोन वर्षांत ते फोन कमी होत गेले. ठरवून नाही. मला माहीतच असायचं ना ती बरी आहे. ती जिवंत आहे, चालतेय, झोपतेय, हे मला कळत होतं आणि त्यालाच मी आईची खबर समजत होते. म्हणजे त्या सकाळी उंबऱ्यावर बसून मी तिला विचारलं तेव्हा उत्तर तिच्या आधी माझ्याच फोनमध्ये येऊन पडलेलं होतं. घड्याळ तिच्या हातात आहे पण बदलले आम्ही दोघीही.

तसं बघितलं तर अंगावर घातलेल्या वस्तूने माणूस बदलतो यात नवीन काय. माझी आजी माळकरी होती. तुळशीची एकशेआठ मण्यांची माळ गळ्यात पडली की त्या दिवसापासून माणूस काय खाणार, काय पिणार, कोणाला उलटून बोलणार नाही, एकादशीला काय करणार हे सगळं ठरलं. त्या माळेला ना सेन्सर ना स्क्रीन, पण आजीचा हात रागाच्या भरात आपोआप तिथे जायचा, दोन बोटांत एक मणी फिरायचा आणि आवाज खाली यायचा, हे मी शंभर वेळा बघितलंय. आणि तिच्या बांगड्या. काचेच्या चार आणि मध्ये एक पाटली, त्यांच्या आवाजावरनं आम्हाला कळायचं आजी कुठल्या खोलीत आहे, कणीक मळतेय की ताक घुसळतेय की नुसती कपाळावर हात ठेवून बसलीये.

पण मला यातलं सगळ्यात जवळनं माहीत आहे ते घुंगरू.

मी नऊ वर्षं कथक शिकले, आठवीपासून. सुरुवातीचं जवळजवळ वर्षभर ताईंनी घुंगरू बांधूच दिले नाहीत. नुसतं तत्कार, ता थै थै तत्, आ थै थै तत्, उघड्या पायांनी शहाबादी फरशीवर, तळवे लाल होईपर्यंत. मग एका गुरुपौर्णिमेला पन्नास-पन्नासचे दोन पट्टे मिळाले, सुती दोरीत एकेक गाठ मारून ओवलेले, पितळेचे, नवीन असल्यामुळे आवाज जरा चिरका. बांधायच्या आधी ते कपाळाला लावायचे, मग घोट्यापासून वर घट्ट गुंडाळत जायचं, सैल राहिले तर घसरतात आणि फार घट्ट झाले तर पायाला मुंग्या येतात. त्या दिवशी पहिलं पाऊल टाकलं आणि मला रडू आलं. कारण वर्षभर मला वाटत होतं माझा पाय बरोबर पडतोय, आणि घुंगरांनी सगळ्या वर्गासमोर सांगितलं की डावा पाय दर वेळी केसभर उशिरा येतोय. ताई हसल्या नाहीत, रागावल्या नाहीत, म्हणाल्या, "ऐकलंस ना आता? मी काही सांगायला नको." पुढचे सहा महिने मी त्या डाव्या पायाशी झगडत होते. आणि मग कधीतरी, दिवस सांगता येणार नाही, घुंगरू ऐकू येईनासे झाले. म्हणजे वाजत होते पण मला बाहेरनं येणारा आवाज म्हणून ऐकू यायचे बंद झाले, ते पायाचंच बोलणं झालं. चौगुनीत, म्हणजे चौपट लयीत, असताना सम, तालाची पहिली मात्रा, कुठे आहे हे मोजावं लागत नव्हतं, तळव्याला कळत होतं. क्लास संपल्यावर घुंगरू सोडले की घोट्यावर दोरीचे वळ, आणि पाय एकदम मुके वाटायचे, रिक्षापर्यंत चालत जाताना काहीतरी राहिलंय असं वाटत राहायचं. मुरलेले नर्तक शंभर घुंगरांतला एकच वाजवून दाखवतात, मला ते कधी जमलं नाही, पण ते काय आहे हे माझ्या पायाला थोडंसं समजलंय.

घुंगरूसुद्धा एका अर्थी पावलं मोजायचं यंत्रच आहे, आणि आईच्या हातातलंसुद्धा. मग फरक कुठे पडतो, हे मला इतके दिवस कुरतडतंय.

मोरिस मेर्लो-पाँटी नावाचा फ्रेंच तत्त्वज्ञ, त्याने १९४५ च्या आपल्या ग्रंथात आंधळ्या माणसाच्या काठीचं उदाहरण दिलंय. नवीन काठी हातात घेतली की ती वस्तू असते, तिचं वजन कळतं, मूठ टोचते. सवय झाली की काठी त्याच्यापुरती नाहीशी होते आणि त्याचा स्पर्श काठीच्या टोकाला जाऊन बसतो, त्याला काठी लागत नाही, रस्ता लागतो. हे वाचताना मला बाबा आठवले. बाबा चष्मा कपाळावर सरकवून ठेवायचे आणि मग घरभर शोधत फिरायचे, टीव्हीमागे, उशीखाली, देवघरात, आणि आई म्हणायची काखेत कळसा नि गावाला वळसा. तो विसरभोळेपणा होता असं आम्ही समजायचो. आता वाटतं चाळीस वर्षं नाकावर असलेली गोष्ट त्यांच्या डोळ्याचाच भाग झाली होती, ती वेगळी जाणवणार कशी.

आणि दुसरा एक, डॉन आयडी, अमेरिकन, २०२४ च्या जानेवारीत वारला, त्याने याच धाग्याला पुढे नेऊन एक साधी गोष्ट सांगितली. काही साधनं आपण अंगी मुरवून घेतो, त्यांच्यातनं जग बघतो. काही साधनं आपण वाचतो. थंडीच्या दिवसांत ऊबदार घरात बसून खिडकीबाहेरचा थर्मामीटर वाचला की बाहेर गारठा आहे हे कळतं, पण अंगाला काही थंडी वाजत नाही. इथे मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले. काठी, चष्मा, घुंगरू एकीकडे आणि थर्मामीटर दुसरीकडे हे समजायला सोपं आहे. पण आई थर्मामीटर वाचत होती तो बाहेरच्या हवेचा नाही, स्वतःच्या रात्रीचा. ती स्वतःच्याच घराबाहेर उभी राहून खिडकीतनं आत बघत होती, आत कसं आहे ते.

पावलांचंही तेच. आईचं ध्येय १०,००० होतं, मी बळजबरीने ६,००० वर आणलं. रात्री साडेनऊला तीनशे कमी पडले की ती हॉलमध्ये सोफा ते दार, सोफा ते दार करत राहते, गुडघा दुखत असला तरी. तिला कोणी सांगितलं नव्हतं की हा आकडा काही मोठ्या वैद्यकीय अभ्यासातनं आलेला नाही, १९६५ साली जपानमध्ये एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, त्याचं नावच मान्पो-केई, दहा हजार पावलांचं मीटर. गोल आकडा, तोंडात बसणारा, आणि तिथनं तो जगभर गेला तो साताऱ्यात माझ्या आईच्या गुडघ्यापर्यंत.

मला कलाकारांकडे बघितलं की जरा बरं वाटतं, कारण ते या वस्तू घालून बघतात आणि काय होतं ते प्रामाणिकपणे दाखवतात. रेबेका हॉर्न ही जर्मन शिल्पकार. विशीत असताना मास्क न घालता पॉलिएस्टर आणि फायबरग्लासमध्ये काम केलं, फुप्फुसं बिघडली आणि दीर्घकाळ आरोग्यधामात पडून राहावं लागलं. तिथे खाटेवर पडल्या पडल्या तिने शरीराला जोडायच्या वस्तू कल्पायला सुरुवात केली. १९७२ चे तिचे हातमोजे आहेत, कापड आणि हलक्या बाल्सा लाकडाची लांबच लांब काळी बोटं, ती घालून न वाकता जमिनीवरच्या वस्तू चाचपता येतात. मी फोटोच बघितलेत. पण त्यातली बाई ज्या काळजीने त्या लांब बोटांची टोकं जमिनीला लावतेय ना, ते बघून कळतं की इतके दिवस कोणाला हात लावायला न मिळालेल्या माणसाने ते बनवलेत. त्यात स्पर्शाची भूक आहे, आणि लांब राहण्याची सक्ती पण आहे. माझ्या फोनमधलं आईचं ६४ मला त्या बोटांसारखं वाटायला लागलंय. पुण्यातनं साताऱ्यापर्यंत लांबवलेलं बोट. पोचतं, पण लाकडाचं आहे.

आणि मून रिबास. ही कॅटलन नर्तकी, तिने शरीरात सेन्सर बसवून घेतले, आधी हातात आणि मग पायांत, जगात कुठेही भूकंप झाला की भूकंपमापकांवरची नोंद इंटरनेटवरनं येऊन तिच्या अंगात कंप उठायचा. तिचा नाच असा की ती रंगमंचावर उभी राहायची आणि वाट बघायची. धक्का जाणवला की हालचाल, जेवढा मोठा धक्का तेवढी मोठी हालचाल, आणि काहीच आलं नाही तर नाच नाही, नुसतं थांबणं. हे मी आईला सांगितलं, मला वाटलं ती म्हणेल काय हे खूळ. तर ती गप्प झाली आणि मग कोयनेचं सांगायला लागली. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. ती तेव्हा अकरा वर्षांची, कऱ्हाडला. जमिनीखालनं मोठा ट्रक जावा तसा आवाज, मग फळीवरची पितळी भांडी एकामागोमाग एक खाली, आजोबांनी तिला पांघरुणासकट उचलून अंगणात नेलं, आणि नंतर कितीतरी दिवस सगळी आळी थंडीत बाहेर झोपत होती. म्हणाली, "अजून बारीकसा हादरा बसला ना, तर कोणाच्या आधी माझ्या पायाला कळतं. तुझे बाबा म्हणायचे तुला भास होतो. दुसऱ्या दिवशी पेपरात यायचं." हे तिने मला कधीच सांगितलेलं नव्हतं. घड्याळातनं ते कळणारही नव्हतं. आणि सांगताना तिचे पाय, चपलेतले, नकळत फरशीवर दाबून धरलेले होते.

जपानमध्ये तेशिमा नावाचं छोटं बेट आहे, तिथे क्रिस्तियाँ बोल्तान्स्की या फ्रेंच कलाकाराने २०१० साली एक घर उभारलं, ज्यात जगभरातल्या माणसांच्या हृदयाचे ठोके रेकॉर्ड करून ठेवलेत. अंधाऱ्या खोलीत एक दिवा, आणि कोणा अनोळखी माणसाच्या ठोक्याबरोबर तो मिणमिणतो. बोल्तान्स्की २०२१ मध्ये गेला. त्यातली कितीतरी माणसंही आता नसतील, ठोके आहेत. मला तिथे एकदा जायचंय. कारण तिथे ठोका आकडा होत नाही, कोणाचा किती हे लिहिलेलं नसतं, नुसतं ऐकायचं. बाबांचे शेवटचे तीन दिवस मी मॉनिटरकडे बघत बसले होते, ९८, ९१, ११०, वर-खाली, वर-खाली, आणि आता विचार केला तर त्या तीन दिवसांत मी त्यांच्या छातीवर हात ठेवल्याचं मला आठवत नाही.

आईचे वडील वैद्य होते. कऱ्हाडात, जुन्या वाड्याच्या ओसरीवर त्यांचा पाट. सकाळी उपाशीपोटी यायचं, आल्या आल्या नाडी बघायची नाही, आधी बसायचं, श्वास खाली येऊ द्यायचा, बोलायचं नाही. मग अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटं, तर्जनी, मधलं, अनामिका, बाईमाणसाचा डावा हात, आणि डोळे मिटून घ्यायचे. वाताची नाडी सापासारखी वळवळत जाते, पित्ताची बेडकासारखी उड्या मारत, कफाची हंसासारखी संथ. त्या तीन बोटांना किती नेमकं कळायचं याचा दावा मी करणार नाही, छातीत दुखतंय म्हणणाऱ्याला आजोबा स्वतःच मोठ्या दवाखान्यात पाठवायचे असं आईच सांगते. पण साप, बेडूक आणि हंस! रक्ताच्या एका धाग्याला त्यांनी आकडा दिला नाही, चाल दिली. आणि ती चाल कळायला वीस-वीस वर्षं हजारो माणसांचे हात हातात घ्यावे लागायचे. घुंगरांना जसे सहा महिने माझा डावा पाय द्यावा लागला तसं. घड्याळ पहिल्या दिवसापासून सगळं सांगतं, त्यासाठी आपल्याला काहीच शिकावं लागत नाही, आणि मला वाटतं माझी खरी तक्रार तिथे आहे. शिकावं लागत नाही म्हणून ते अंगात येत नाही, बाहेरच राहतं, आणि बाहेर राहून आपल्याला आपल्याबद्दल सांगत राहतं.

काल परत साताऱ्याला आले. आधी ॲप बघितलं नाही, मुद्दाम. रात्री जेवणं झाल्यावर लाइट गेले, आम्ही दोघी ओसरीवर, आणि मी आईला म्हटलं माझी नाडी बघ ना. म्हणाली, "मला कुठे येते, वडिलांनी मला शिकवलं नाही, मी नुसती शेजारी बसायचे. चूर्णाच्या पुड्या बांधायला." तरी तिने माझा डावा हात घेतला. तिची बोटं अजून जरा ताठ आहेत, उजव्या मनगटाचं प्लॅस्टर काढून वर्ष होत आलं तरी. आधी चुकीच्या जागी ठेवली, मग खालीवर सरकवत सरकवत जागा शोधली. मी काहीतरी बोलायला गेले तर म्हणाली, गप्प बस, ऐकू दे. अंधारात तिच्या दुसऱ्या हातावर पट्ट्याच्या कडेतनं तो हिरवा उजेड झिरपत होता, साडीच्या काठावर एक छोटा हिरवा ठिपका. किती वेळ गेला माहीत नाही. मग म्हणाली, "घाईत आहे गं तुझी नाडी. उगाचच घाईत." आणि हात सोडला नाही. लाइट आले तेव्हा तिने घड्याळ काढून चार्जिंगला लावलं, फ्रिजवर, आणि झोपताना परत घालायचं विसरली. मी आठवण केली नाही.

आज सकाळी ती चहा टाकत होती. मी उंबऱ्यावर. विचारलं, झोप लागली का. तिने मनगट वर केलं, मोकळं होतं, पट्ट्याचा फिकट वळ नुसता. ती वळाकडे क्षणभर बघत राहिली, मग खिडकीबाहेर.

"मध्यरात्रीपर्यंत नुसती टक्क जागी होते," ती म्हणाली. "मग पहाटे साखरझोप लागली. तुझे बाबा आले होते."

"काय म्हणाले?"

"काही नाही. चष्मा शोधत होते घरभर." तिने गाळणं उचललं. "कपाळावरच होता. मी नाही सांगितलं. म्हटलं शोधू दे, तेवढेच थांबतील जरा."